भोकं जुळली होती

विजेचे परवाने देणाऱ्या मंडळाने खोटं लिहिलं. चुकून नाही, गडबडीत नाही. नीट टाईप करून, खाली तीन सह्या ठोकून खोटं लिहिलं. ‘फिटरने पॅनेलचं दार उघडं ठेवून यंत्र चालू केलं, तसंच मोटरच्या केबलचा बोल्ट पुरेसा आवळला नाही,’ असं त्या अहवालात आहे. अहवाल लिहिणारा माणूस, जिथे पॅनेलचा स्फोट झाला त्या कारखान्यात, वीस मिनिटं होता. त्यातली बारा मिनिटं तो सावलीला उभा राहून फोनवर बोलत होता, हे तिथल्या पंप चालवणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जळालेल्या पॅनेलवर ताडपत्री होती, ती त्याने उचललीसुद्धा नाही. मग दार उघडं होतं हे त्याला सांगितलं कुणी? ताडपत्रीने?

ज्याच्या डोक्यावर हे खापर फुटलं तो फिटर हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या कॉटवर बसून होता. दोन्ही हात बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत पट्ट्यांत. भुवया जळून गेलेल्या, चेहरा मलमाने चकचकीत. त्याला सफरचंदाच्या फोडी भरवत होती ती त्याची वहिनी. कन्व्हर्टर बनवणाऱ्या ज्या कंपनीचा तो फिटर, त्याच कंपनीत प्रत्येक नव्या कन्व्हर्टरची चाचणी ती घ्यायची. तिथे तिला चाचणीबाई म्हणत. दिराला तिथे चिकटवलंही तिनेच.

“मोठी फोड दे की. चिमणीला भरवतेयस का?”

“तोंड उघडलं की कातडी ताणते म्हणून ओरडतोस, वर फोड मोठी पाहिजे.”

“भुवया परत येतात का गं?”

“येतात.”

“नाही आल्या तर तूच काढून दे पेन्सिलने. पण सरळ काढ. तुझ्या त्या आलेखासारख्या वरखाली नकोत, लोक म्हणतील हा सारखा दचकलेला का दिसतो.”

ती हसली. तोही हसायला गेला आणि कातडी ताणली तसा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “वहिनी, दार मी लावलं होतं.”

“माहितीय मला.”

“नाही, ऐक ना. आधी मला शंभर टक्के खात्री होती. आता नाही. सगळेच म्हणतात उघडं होतं. कडी फिरवल्याचा आवाज आठवायला जातो, तर मधेच तो दुसरा आवाज येतो. धाडकन. त्याच्या आधीचं सगळं पुसलं गेलंय.” त्याने मान तिच्याकडे वळवली. “मी लावलं होतं ना गं?”

चाचणीबाईच्या हातातली फोड हातातच राहिली. अंग भाजलं ते भाजलं, ते भरून येईल. पण खरं बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्याच खरेपणाची शंका यायला लावायची, हे कुठल्या मलमाने भरायचं?

मंडळाचं पत्र उशीखाली होतं. परवाना तात्पुरता रद्द. शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी, त्यानंतर कायमचा. परवाना गेला की फिटर म्हणजे पाना घेऊन फिरणारा इसम, बाकी काही नाही. वीस वर्षं या माणसाने दुसरं काही केलेलं नाही. त्या दिवशी मंगळवार होता.

ती घरी गेली नाही. हॉस्पिटलमधून तडक कारखान्यात गेली, पंपघराच्या मागे जिथे ते पॅनेल टाकून दिलं होतं तिथे. पंप चालवणारा बरोबर आला. दोघांनी ताडपत्री ओढली.

दाराची कडी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. बोटाएवढ्या जाडीचं पोलाद, फेंगड्या पायासारखं. आतून धक्का आला, कडीने धरून ठेवलं, धरवेना तेव्हा वाकली, मगच दार उडालं. उघड्या दाराची कडी कशाला वाकेल? एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही. डोळे लागतात, आणि ताडपत्री उचलायला एक हात.

तिने फोटो काढले. मग आत वाकून बघितलं. स्विचच्या मॉड्यूलचं झाकण उडून आतली काळी राख उघडी पडली होती. शेजारच्या कार्डावर अर्धवट जळालेली चिकटपट्टी होती. तिच्यावर शाईने लिहिलेला आकडा: आठ. अक्षर तिचं स्वतःचं होतं.

इथे थोडं सांगावं लागेल, नाहीतर या आठचं पाप कळायचं नाही.

कन्व्हर्टर म्हणजे त्या पॅनेलच्या आत बसवलेला, विजेचे बारीक तुकडे करून मोटरला हवे तसे वाढणारा डबा. तुकडे करायला आत स्विच असतात, मॉड्यूल नावाच्या डबीत बंद केलेले, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे. वर्षानुवर्षं हे स्विच सिलिकॉनचे होते. काम चोख, पण तापायचे. ताप घालवायला ॲल्युमिनियमचे दांडगे ठोकळे आणि पंखे, म्हणून डबा कपाटाएवढा. मग सिलिकॉन कार्बाईडचे स्विच आले. उघडझाप कितीतरी चपळ, वाया जाणारी वीज निम्म्याहून कमी, ठोकळे लहान, डबा निम्मा. वस्तू अव्वल आहे, खोटं कशाला बोला. तिचा पहिला आलेख पाहिला तेव्हा चाचणीबाई स्वतः खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

पण मोटर जळून कन्व्हर्टरच्या तोंडाशी शॉर्ट झालं, की सिलिकॉन दहा मायक्रोसेकंद मार खात उभं राहतं. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले दहा. कार्बाईडचा तुकडा त्याच कामाला इतका लहान पुरतो, की ताप सोसायला त्याच्या अंगात मांसच नसतं. तो तिसऱ्या मायक्रोसेकंदाला संपतो. फिटर तिला चिडवायचा, “तुझं सिलिकॉन म्हणजे आपल्या आईसारखं. कुरकुरतं, तापतं, पण सोसतं. कार्बाईड म्हणजे मी. काम झटपट, डोकं थंड, आणि सोसायची वेळ आली की पळ.”

शॉर्ट ओळखून स्विच बंद करायचं काम शेजारच्या कार्डाचं. जुन्या सिलिकॉनसाठी ते कार्ड आठ मायक्रोसेकंदांवर लावलेलं. दहा सोसणाऱ्याला आठव्याला वाचवायचं, हिशोब बरोबर. पण तिसऱ्याला मरणाऱ्याला आठव्याला वाचवायचं? चोर घर धुवून गेल्यावर जागा होणारा तो पहारेकरी.

मग जुनंच कार्ड का ठेवलं? कारण भोकं जुळत होती.

कंपनीतली ही म्हणच होती: भोकं जुळली की झालं. नवा भाग जुन्या भोकांत बसला, व्होल्ट आणि अँपिअर तेवढेच असले, की ‘समान भाग’ नावाचा एक पानाचा अर्ज भरायचा. मंडळाचाच नियम होता तो. समान भाग म्हणजे बदल नाही, आणि बदल नाही तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून नकोत. कार्बाईडचं मॉड्यूल त्याच चार भोकांत बसलं, जणू त्याच्यासाठीच पाडली होती.

“साहेब, कार्ड नवीन लागेल,” ती तेव्हा म्हणाली होती. ज्यांना म्हणाली त्या विभागप्रमुखांना सगळे घाईसाहेब म्हणत.

“किती वेळ?”

“चार महिने.”

“प्रदर्शन सहा आठवड्यांवर आलंय! भोकं जुळली ना? मग तुझं काय दुखतंय?”

“निदान शॉर्टची चाचणी घेऊ द्या.”

“घे की. कोण नको म्हणतंय!”

तिने मार्चमध्ये घेतली. आणि इथे घाईसाहेबांचं नाव संपतं, तिचं सुरू होतं. शॉर्ट करायचा स्विच वाळूच्या पोत्यांच्या भिंतीपलीकडे होता, माणसांपासून लांब. तिथपर्यंत बारा मीटरची केबल जायची. ती कायमचीच टाकलेली होती, कुणी काढायचं नाही. केबल जेवढी लांब तेवढा प्रवाह सावकाश चढतो. सिलिकॉनला त्याने फरक पडत नव्हता, ते तसंही सोसायचं आणि असंही. म्हणून इतकी वर्षं कुणी त्या केबलकडे वळून पाहिलं नाही. मार्चमध्ये चाचणीबाईनेही नाही. प्रवाह सावकाश चढला, कार्डाने आरामात बघितलं, बंद केलं, आणि तिने कागदावर सही केली: उत्तीर्ण.

कारखान्यात मोटर पॅनेलला खेटून होती. केबल दीड हात. आणि सुरू करताच ती मोटर आतून शॉर्ट झाली.

बुधवारी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, ती चाचणीच्या खोलीत गेली. तिथे वाळूकाका होते. पोती रचायची, तारा जोडायच्या, बटण दाबायचं, हे सगळं काम त्यांचं.

“काका, आज केबल काढा. तांब्याची पट्टी लावा.”

“केवढी?”

“वीतभर.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “वीतभर? बाई, घरी भांडण झालंय का? मग मी पोती दुप्पट लावतो.”

पट्टी लागली. कार्बाईडचं मॉड्यूल, जुनं कार्ड, आठचा आकडा, सगळं त्या पॅनेलमधलंच जणू. दोघं भिंतीच्या आड बसली. काकांनी बटण दाबलं.

कानाशी कुणी फरशी आपटावी तसा आवाज झाला. वरच्या पोत्यातून वाळू भुरभुरत तिच्या केसांत पडली. मोजणीयंत्राच्या पडद्यावर प्रवाहाची रेष तीन मायक्रोसेकंदांपर्यंत सरळ चढत गेली होती, पुढे तिला धरबंदच राहिला नव्हता. तिने दुसरं मॉड्यूल लावायला सांगितलं. दुसरंही तसंच गेलं, तिसऱ्यालाच.

“आता जुनं सिलिकॉन लावा. त्याच भोकांत. बाकी काही हलवू नका.”

या वेळी नुसतं टक् झालं. लाल दिवा लागला. काका पोत्यांवरून डोकावले. “हे जिवंत आहे की!”

“आठव्याला बंद झालं. दहा सोसतं ते.”

काकांनी जळालेल्या मॉड्यूलकडे पाहिलं, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या केबलकडे पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. “म्हणजे मार्चमध्ये आपण...”

“आपण नाही. मी.”

“जोडली कुणी? मी जोडली. माझं नाव घाल कागदावर. मला काय करणार आहेत, वाळू काढून घेणार?”

ती मटकन पोत्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. काका झाडू घेऊन सांडलेली वाळू गोळा करत राहिले.

घाईसाहेबांनी तिन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मूर्ख नव्हते ते, हीच तर खरी चीड आहे. मूर्ख माणसाला माफ तरी करता येतं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

“मार्चच्या कागदावर सही कुणाची?”

“माझी.”

“मग? शुक्रवारी हे आलेख तिथे मांडलेस तर पहिली तू जाशील. दीर गेलाच आहे. एका घरातले दोघं. मी शत्रू म्हणून सांगत नाही.”

“असेच एक्केचाळीस डबे बाहेर चालू आहेत, साहेब.”

“आपण गुपचूप नवीन कार्ड करू. वर्षभरात सगळी बदलू.”

“आणि तोपर्यंत?”

“त्यांच्या मोटरी चांगल्या आहेत.”

“मोटर काय सांगून मरते?”

त्यांनी आलेख उलटे करून तिच्याकडे सरकवले. “जेवलीस का? चेहरा बघ तुझा. जा, जेवून घे.”

घरी नवरा भांडी घासत होता. फिटरचा हा थोरला भाऊ. तिने सगळं सांगितलं, केबलसकट. त्याने नळ बंद केला नाही.

“एक बुडतोय म्हणून दुसऱ्याने उडी मारायची?” तो म्हणाला. “त्याला वाचवता आलं असतं तर गोष्ट वेगळी. ते तुझं ऐकणार आहेत का?”

“माहीत नाही.”

“मग?”

त्याने एकच ताट तीनदा धुतलं. मग पाठमोराच म्हणाला, “काल मला विचारत होता, दादा, मी लहानपणापासून विसराळू आहे का रे? कोण, तो! कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय घरातून पाय काढायचा नाही. शाळेला उशीर व्हायचा त्याच्या कुलपापायी. मार खाल्लाय मी त्याच्यामुळे.” त्याने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नळ मात्र बंद केला.

शुक्रवारी अकराला सुनावणी होती, साडेबाराला सुरू झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधले अध्यक्ष, गोड बोलणारे, केस पांढरे, पेन महागाचं. फिटर डॉक्टरांशी भांडून आला होता, बाह्या कापलेला शर्ट घालून. त्याच्या शेजारी दादा. घाईसाहेब भिंतीलगत, मांडीवर फाईल.

चाचणीबाई उभी राहिली. “या कन्व्हर्टरची चाचणी मी घेतली होती. चुकीची घेतली.”

घाईसाहेबांनी डोळे मिटले. फिटरने मान गर्रकन वळवली. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

तिने सांगितलं. सिलिकॉन दहा, कार्बाईड तीन, कार्ड आठ. केबल बारा मीटर, पट्टी वीतभर. आलेख ठेवले, वाकलेल्या कडीचे फोटो ठेवले, वितळून गोळा झालेल्या बोल्टचा फोटो ठेवला आणि विचारलं, याचा घट्टपणा तुम्ही मोजला तरी कशाने?

अध्यक्षांनी फोटो दोन बोटांत धरून पाहिले. “हे फोटो अहवालानंतरचे आहेत. ग्राह्य धरता येत नाहीत.”

“कडी काय अहवालानंतर वाकली?”

“बाई, आपली तळमळ आम्ही समजू शकतो. परंतु मंडळाच्या नियमानुसार समान भाग हा बदल ठरत नाही. बदलच झालेला नाही, तर बदलामुळे अपघात कसा होईल?”

उजवीकडचा सदस्य मान डोलावत म्हणाला, “शिवाय हे आपले दीर आहेत म्हणे.”

“आहेत. म्हणून काय तांब्यातून वीज खोटी वाहते?”

“शांतपणे बोला.”

“साहेब,” फिटर उभा राहिला. उभं राहताना हात टेकवता येत नव्हते, म्हणून खुर्ची मागे आपटली. “साहेब, मिटवा हे. मी लिहून देतो. दार उघडं होतं. माझीच चूक. वहिनीचं हे बोलणं कागदावर घेऊ नका.”

“गप्प बस!” ती ओरडली.

“तू गप्प बस. तसंही मला आठवत नाही, वहिनी. नाहीच लावलं असेल मी.”

आणि काय सांगावं, अध्यक्षांचा चेहरा उजळला. तीन दिवस तुंबलेलं गटार मोकळं व्हावं तसा. “बघा, संबंधित व्यक्ती स्वतःच मान्य करते आहे.” त्यांनी कारकुनाला खूण केली. कारकुनाने दोन ओळी खरडल्या, कागद फिटरसमोर ठेवला, पेन पुढे केलं. मग त्याला पट्ट्या दिसल्या. त्याने पेन मागे घेतलं, खणातून शाईचा पॅड काढला, झाकण उघडलं, आणि अंगठा शोधायला लागला. या हाताचा पाहिला, त्या हाताचा पाहिला. दोन्हीकडे नुसती पांढरी बोचकी. पॅड हातात धरून तो अध्यक्षांकडे बघत राहिला. अध्यक्ष म्हणाले, “पट्टी थोडी सैल करता येईल का?”

दादा उठला. पण त्याच्याआधी चाचणीबाईने तो पॅड कारकुनाच्या हातातून हिसकला, आणि कागद ओढून चार तुकडे केले.

“अंगठा मिळायचा नाही. जे मिळायचं ते मी दिलंय. माझी चूक मी तारखेसकट सांगितली, हवी तर आत्ता लिहून देते, माझी दहाही बोटं शाबूत आहेत. साहेबांची चूक सांगितली, ते तिथे बसलेत, नाही म्हणू द्या त्यांना.”

घाईसाहेब फाईलकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

“तुमच्या नियमाची चूक सांगितली. आता याची तुम्ही सांगा. या माणसाने नकाशाप्रमाणे तारा जोडल्या, बोल्ट आवळले, बटण दाबलं. पुढे तीन मायक्रोसेकंद होते त्याच्याकडे. तेवढ्यात पापणीसुद्धा हलत नाही. त्या वेळात याने काय करायला हवं होतं, जे याने केलं नाही?”

“सुनावणीची वेळ संपत आली आहे,” अध्यक्ष म्हणाले.

तिने खुर्ची ओढली, त्यांच्या बरोब्बर समोर टेबलाला लावली, आणि बसली.

“एक गोष्ट सांगा. एकच. मी उठत नाही. काय करायला हवं होतं याने? बोला.”